खुनाचा गुन्हा कोर्टात कबूल केला तर शिक्षा कमी होते का?

टाचणी

बातमीत ‘आरोपीने खुनाची कबुली दिली’ असं आलं की खालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या. अर्धे म्हणतात, मग खटल्याचं नाटक कशाला, द्या फाशी. उरलेले म्हणतात, कबूल केलंय ना, आता थोडक्यात सुटणार. आपल्याकडच्या कायद्यात यातलं एकही बसत नाही, म्हणून हा धागा काढलाय. इंग्लंड-अमेरिकेतल्या सभासदांनी तिकडचंही लिहावं. तिथे हे रोजचं आहे, आपल्याकडे जवळपास नाहीच.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. ‘कबुली’ तीन वेगळ्या गोष्टींना म्हटलं जातं. पहिली पोलिसांपुढची. ती पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ आहे. तिच्यातून कोयता सापडला तर फक्त तो सापडण्यापुरतं वाक्य वापरता येतं. दुसरी न्यायदंडाधिकाऱ्यापुढची, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १८३. इथे ‘तू कबुली द्यायला बांधील नाहीस, दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल’ हे आधी सांगावं लागतं. तिसरी सत्र न्यायालयात दोषारोप वाचून दाखवल्यावर आरोपी ‘गुन्हा कबूल आहे’ म्हणतो ती. धागा या तिसरीबद्दल आहे. बातम्यांमध्ये बहुतेक वेळा पहिली असते.

पेशकार

बरं झालं हे वेगळं काढलंत. क्रम असा असतो.

आरोपपत्र आधी न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातं. खून हा फक्त सत्र न्यायालयात चालणारा गुन्हा, त्यामुळे तिथे आरोपी कितीही ‘कबूल, कबूल’ म्हणाला तरी उपयोग नाही. दंडाधिकारी नकला देतो आणि खटला वर्ग करतो. सत्र न्यायालयात दोषारोप निश्चित होतो, आरोपीला त्याच्या भाषेत वाचून आणि समजावून सांगितला जातो आणि विचारलं जातं: गुन्हा कबूल आहे की खटला चालवायचा? हे प्रक्रिया संहितेचं जुनं कलम २२८, आता २५१. दोषारोपाला निशाणी क्रमांक (कोर्टाच्या फाइलमधल्या कागदाचा क्रमांक) पडतो, त्याखाली आरोपीचा जबाब वेगळ्या निशाणीवर. शंभरातल्या नव्व्याण्णव जबाबांवर तेच वाक्य असतं: ‘गुन्हा कबूल नाही, चौकशी व्हावी.’

आता गंमत पुढच्या कलमात आहे. जुनं २२९, आता २५२. आरोपीने कबूल केलं तर न्यायाधीशाने ते नोंदवलंच पाहिजे, आणि त्यावरून तो ‘स्वविवेकानुसार’ दोषी ठरवू शकतो. नोंदवणं सक्तीचं, दोषी ठरवणं ऐच्छिक. लगेच पुढच्या कलमात साक्षीदारांची तारीख कधी नेमायची ते दिलंय: आरोपीने जबाब दिला नाही, खटला मागितला, किंवा कबूल करूनही दोषी ठरवला गेला नाही. म्हणजे ‘कबूल आहे पण खटला चालेल’ ही शक्यता कायदा करणाऱ्यांनीच धरून ठेवलीय. न्यायाधीश मनाचं काही करत नसतो.

आणखी एक, कारण नवीन कलमांवरून गोंधळ होतो. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर शिक्षा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खाली. त्यानंतरचा असेल तर न्याय संहितेच्या १०३ (१) खाली. गुन्हा घडला ती तारीख बघायची, अटकेची नाही.

अर्धाकप

पण माणूस स्वतःहून म्हणतोय मी केलं, मग न्यायाधीशाला पुढे कशाला जायचंय? साक्षीदारांचे हाल, सरकारचा खर्च, पाच-सात वर्षं. हे अतिसावधपण नाही का?

टाचणी

नाही. कारण तो ‘मी मारलं’ म्हणतोय, ‘मी खून केला’ असं नाही. यातलं अंतर फार मोठं आहे.

मारणं ही घटना. खून हे त्या घटनेला कायद्याने दिलेलं नाव, आणि ते नाव लागायला हेतू किंवा जाणीव एका विशिष्ट दर्जाची लागते. शिवाय दंड संहितेच्या जुन्या कलम ३०० ला पाच अपवाद आहेत (आता न्याय संहितेचं कलम १०१): गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ, स्वसंरक्षणाची मर्यादा ओलांडणं, सरकारी नोकराने सद्भावनेने अधिकाराबाहेर जाणं, आकस्मिक भांडणात पूर्वयोजना नसताना झालेला मृत्यू आणि मरणाऱ्याची संमती. यातला एक लागला की गुन्हा ३०२ वरून ३०४ वर येतो, म्हणजे सदोष मनुष्यवध. बांधाच्या भांडणात हातातली कुदळ एकदाच डोक्यात घातली, माणूस चौथ्या दिवशी दवाखान्यात वारला. आरोपी रडत सांगतो, ‘साहेब, माझ्या हातून झालं, कबूल आहे.’ हे ३०२ आहे की ३०४? त्याला कळणार नाही. वार किती, कुठे, हत्यार बरोबर आणलं होतं की तिथलंच उचललं, आधी शिवीगाळ कोणी केली, हे सगळं पुराव्यातूनच कळतं. त्याच्या एका ‘कबूल’वर ३०२ ची जन्मठेप दिली तर त्याने न केलेला गुन्हा त्याच्या नावावर चढला.

म्हणूनच ब्रिटिश काळापासून आपल्या उच्च न्यायालयांनी एक प्रथा धरलीय: ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात निव्वळ कबुलीवर दोषी ठरवू नये, पुरावा घ्यावा. सक्तीचा नियम नाही, पण मोडणाऱ्या न्यायाधीशाला कारण द्यावं लागतं, आणि ते वर सहसा टिकत नाही.

पेशकार

अर्धाकप, खर्चाचा मुद्दा उलटाही पडतो. कबुली नीट न तपासता निकाल दिला आणि उच्च न्यायालयाने तो रद्द केला की खटला परत खाली येतो. तोवर पंच फितूर झालेले, एखादा साक्षीदार वारलेला, तपास अधिकारी निवृत्त. दोन वर्षं वाचवायला गेलो आणि सहा घालवली, असं होतं.

कबुली आलीच तर नोंदीत काय दिसायला हवं ते सांगतो. आरोपीला वकील आहे ना? नसेल तर आधी विधी सेवा प्राधिकरणातून द्यायचा, मगच दोषारोप. वकील नसताना घेतलेली खुनाची कबुली म्हणजे अपिलात पडणारी पहिली वीट. मग भाषा. आदिवासी पट्ट्यात आरोपीला प्रमाण मराठी पुरेशी येत नसते, आणि दुभाषा कोण होता याची नोंद रोजनाम्यात नसते. मग परिणाम सांगितले का: ‘यात जन्मठेप किंवा फाशी एवढंच आहे, हे समजलं का?’ मग विचाराला वेळ. त्याच दिवशी न घेता पुढची तारीख द्यावी. आणि मनोरुग्णतेची शंका आली की सगळं थांबवून वैद्यकीय तपासणी, जुनी कलमं ३२८-३२९, आता ३६७-३६८.

जबाब आरोपीच्या शब्दांत लिहावा. ‘गुन्हा कबूल आहे’ हा छापील ठसा उमटवण्यात अर्थ नाही. ‘मी तिला ढकललं, ती ओट्यावर पडली’ असं तो म्हणाला असेल तर तेच लिहायचं, कारण त्या वाक्यात खुनाची कबुली नाहीच.

खालची_आळी

कसाबने पण कबूल केलं होतं ना मध्येच? तेव्हा फार गाजलं होतं.

टाचणी

हो, आणि या विषयावर त्याच्याइतकं स्वच्छ उदाहरण नाही. मे २००९ मध्ये त्याच्यावर ८६ आरोप ठेवले गेले, तेव्हा त्याने नाकारले. २० जुलै २००९ ला, साक्षीदारांच्या तपासण्या चालू असताना, आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात तो उभा राहून कबूल करायला लागला. न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी ते सविस्तर नोंदवून घेतलं. सरकारी वकील उज्ज्वल निकम यांचं म्हणणं पडलं की ही अर्धवट कबुली आहे, स्वतःवरचा भार हलका करणारी. २३ जुलैला न्यायाधीशांनी आदेश दिला: कबुली अभिलेखावर राहील, खटला मात्र पुढे चालेल. ३ मे २०१० ला दोषी, ६ मे ला फाशी. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ ला ती कायम केली.

निवडक कबुली ही कबुली नसते, हे इथे बघण्यासारखं आहे. दोषारोपातला प्रत्येक घटक मान्य असेल तरच ‘गुन्हा कबूल’. ‘हे मी केलं, ते मेलेल्या साथीदाराने’ हा फक्त एक जबाब आहे. तो पुराव्याशी ताडून बघायचा, बाकी खटला जसाच्या तसा. शिक्षेतही त्या कबुलीने त्याला काही दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने कमी वयाचा विचार केला, पण पश्चात्ताप कुठेच दिसत नाही असं नोंदवलं.

अर्धाकप

पटलं. समजा खटला पूर्ण चालला, दोषी ठरला. तरीही ‘याने पहिल्याच दिवशी कबूल केलं होतं’ म्हणून न्यायाधीश १० वर्षांवर सोडू शकतो का?

पेशकार

नाही. इथेच लोक फसतात. ३०२ मध्ये खालची शिक्षा जन्मठेप, वरची फाशी. मध्ये काही नाही. सत्र न्यायाधीशाला १० वर्षं देता येत नाहीत, २० देता येत नाहीत. दंडाची रक्कम आणि तो न भरल्यास जादा कैद, एवढाच हलवण्याजोगा भाग. त्यामुळे ज्या खटल्यात सरकार पक्ष फाशी मागतच नाहीये, आणि बहुतेक खटले असेच असतात, तिथे कबुलीची किंमत शिक्षेच्या वर्षांत शून्य. एक दिवसाचीही सूट नाही. मग कोणता वकील अशिलाला कबूल करायला सांगेल?

उलट तोटा आहे. कबुलीवर दोषी ठरला तर जुन्या कलम ३७५ (आता ४१६) प्रमाणे अपील फक्त शिक्षेच्या प्रमाणाबद्दल आणि कायदेशीरपणाबद्दल करता येतं. ‘मी केलंच नाही’, ‘साक्षीदार खोटा’ हे दार बंद. हातात काही न पडता अपील गेलं.

आणि ‘प्ली बार्गेनिंग’ म्हणजे शिक्षेच्या वाटाघाटी इथे नाहीतच. २००६ पासून लागू झालेलं ते प्रकरण सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना लागत नाही. स्त्रिया आणि मुलांविरुद्धचे गुन्हेही वगळलेत. ३०४ च्या दुसऱ्या भागाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे ‘३०२ काढा, ३०४ वर कबूल करतो’ असा सौदा त्या प्रकरणाखाली बसतच नाही. १९८३ मध्ये थिप्पेस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की हलक्या शिक्षेचं आमिष दाखवून कबूल करायला लावायचं आणि मग वरच्या कोर्टाने शिक्षा वाढवायची, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ च्या (जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या) विरुद्ध आहे.

थेम्सकाठ

आता इकडची बाजू. हे इंग्लंड-वेल्सपुरतं आहे. इथे नेमकं उलट: कबुलीचा भाव आकड्यात ठरलेला आहे आणि वकील पहिल्या भेटीत कागदावर मांडून दाखवतो.

१९६५ मध्ये खुनाची फाशी गेली, तेव्हापासून खुनाला जन्मठेप सक्तीची. न्यायाधीशाने ठरवायचं ते फक्त किमान मुदतीचं: किती वर्षं झाल्यावर पॅरोल मंडळाकडे जाता येईल. त्यासाठी ‘सेंटेन्सिंग ॲक्ट २०२०’ची एकविसावी अनुसूची आहे. अठरा वर्षांवरच्यांसाठी सुरुवातीचे आकडे असे. साधा खून १५ वर्षं. चाकू किंवा दुसरं हत्यार बरोबर घेऊन घटनास्थळी गेला तर २५. बंदूक, स्फोटकं, पैशासाठी खून, लैंगिक किंवा विकृत छळ, दोन किंवा अधिक बळी, वांशिक द्वेष अशा गटाला ३०. आणि सर्वांत वर, एकवीस वर्षांवरच्यांसाठी, आजन्म आदेश: कधीच सुटका नाही. पोलीस किंवा तुरुंग अधिकाऱ्याला कामावर असताना मारणं २०१५ मध्ये ३० वरून तिथे नेलं गेलं.

‘बरोबर घेऊन’ हे दोन शब्द दहा वर्षांचे आहेत. ओट्यावरची सुरी उचलून तिथेच वार केला तर १५, तीच सुरी खिशात घालून शेजाऱ्याच्या दारात गेला तर २५. घरातल्या बायकांच्या खुनात हत्यार बहुतेक घरातलंच असतं, त्यामुळे तिथे आकडा खालचा लागतो, अशी टीका अनेक वर्षं होतेय. २०२४ च्या सुरुवातीला जाचक नियंत्रण आणि गरजेपलीकडचा अतिरेकी हिंसाचार हे शिक्षा वाढवणारे घटक म्हणून अनुसूचीत घातले गेले. सुरुवातीचा आकडा मात्र तसाच राहिला.

हिशोब करून दाखवतो. चाकू घेऊन गेला: २५. प्रेत लपवलं आणि आधीची मारहाणीची नोंद आहे, म्हणून तीन वर्षं वर: २८. ठार मारण्याचा नव्हे, गंभीर दुखापतीचा हेतू होता, म्हणून दोन खाली: २६. आता कबुलीची सूट, आधी नाही. हा क्रम चुकला की अख्खा हिशोब चुकतो. इतर गुन्ह्यांना पहिल्या टप्प्यावर कबूल केलं की एक-तृतीयांश सूट असते. खुनाला जास्तीत जास्त एक-षष्ठांश, आणि तीही पाच वर्षांच्या वर कधीच नाही. २६ वर्षं म्हणजे ३१२ महिने, त्याचा सहावा भाग ५२ महिने, म्हणजे ४ वर्षं ४ महिने. उरले २१ वर्षं ८ महिने. त्यातून कच्च्या कैदेत काढलेले दिवस वजा.

हाच माणूस खटल्याच्या दिवसापर्यंत थांबला तर जास्तीत जास्त एक-विसांश, म्हणजे साडेपंधरा महिने. चार वर्षांचे सव्वा वर्ष झाले. आणि ३० वर्षांच्या वर पाचाची मर्यादा चावायला लागते: ३६ चा सहावा भाग सहा, पण मिळणार पाचच.

अर्धाकप

इतर गुन्ह्यांना एक-तृतीयांश आणि खुनाला एक-षष्ठांश? का?

थेम्सकाठ

कारण किमान मुदत ही खरी तुरुंगात काढायची मुदत आहे. इतर शिक्षांत ठराविक भाग झाला की माणूस बाहेर येतो, जाहीर शिक्षा आणि भोगलेली शिक्षा यात फरक असतो. खुनाच्या किमान मुदतीत तसं काही नाही, २१ वर्षं ८ महिने म्हणजे तेवढे सगळे. त्यावर तृतीयांश सूट दिली तर ती प्रत्यक्षात खूप मोठी होईल, हे एक. दुसरं, न्यायाधीशाला शेवटी असंही बघायला सांगितलंय की सूट दिल्यावर आकडा गुन्ह्याच्या मानाने हास्यास्पद कमी तर होत नाही ना.

आजन्म आदेशात सूटच नाही. आजन्मातून षष्ठांश कसा काढणार? तिथे कबुलीचा विचार एक पायरी आधी होतो: कबूल केलंय हे धरूनही आजन्म आदेश योग्य आहे का? २०२१ मध्ये लंडनच्या सेवेतल्या एका पोलीस अधिकाऱ्याने अपहरण, बलात्कार आणि खून कबूल केला. ३० सप्टेंबरला त्याला आजन्म आदेश झाला, पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. पोलीस ओळखपत्राचा गैरवापर हा मुद्दा इतका जड पडला की कबुलीने काही हललं नाही.

साउथपोर्टच्या प्रकरणात अडचण वयाची होती. २९ जुलै २०२४ ला तीन लहान मुलींचा खून झाला तेव्हा आरोपी १७ वर्षांचा होता, म्हणून आजन्म आदेश कायद्यानेच बाद. त्याने २० जानेवारी २०२५ ला, खटला सुरू व्हायच्या दिवशी, कबूल केलं आणि २३ तारखेला ५२ वर्षांची किमान मुदत झाली. कोठडीतले दिवस वजा जाऊन ५१ वर्षं १९० दिवस. इतक्या उशिराच्या कबुलीत फारसा भाव नसतो.

टाचणी

थेम्सकाठ, अर्धवट कबुलीचं तिकडे काय करतात? ‘खून कबूल, पण सरकार पक्ष सांगतो तसा नाही’ असं म्हटलं तर?

थेम्सकाठ

त्याला ‘बेसिस ऑफ प्ली’ म्हणतात, कबुलीचा लेखी आधार. बचावाचा वकील एका पानावर लिहून देतो: मारलं, पण चाकू त्याच्या हातातला होता, मी आणला नव्हता. सरकार पक्षाला मान्य नसेल आणि शिक्षेत फरक पडणार असेल तर ‘न्यूटन सुनावणी’ होते. ज्यूरी नाही, न्यायाधीश एकटा तेवढ्याच मुद्द्यावर साक्षीपुरावा ऐकतो, तोही संशयातीत सिद्ध व्हावा लागतो. चाकूच्या प्रश्नावर दहा वर्षं टांगलेली असतात, त्यामुळे ती पूर्ण ताकदीने लढली जाते. हरला तर कबुलीची जी सूट मिळणार होती ती सर्वसाधारणपणे निम्मी होते. साक्षीदाराला पिंजऱ्यात आणायला लावलंस ना, मग सूट कसली.

पेशकार

हे आपल्याकडे असतं तर कसाबच्या वेळचा तो तीन दिवसांचा युक्तिवाद तीन तासांत उरकला असता. :) अर्थात आपल्याकडे ‘फक्त शिक्षेसाठी तथ्यं ठरवायची’ अशी सोयच नाही. सगळं दोषसिद्धीच्या पुराव्यातूनच यायला हवं.

पलीकडचा_किनारा

अमेरिकेचं थोडक्यात, कारण प्रत्येक राज्याचं वेगळं. ज्या राज्यांत फाशी आहे तिथे सौदा उघड असतो: सरकार पक्ष फाशीची मागणी मागे घेतो, आरोपी कबूल करतो आणि अपिलाचा हक्क सोडतो. आयडाहोतल्या चार विद्यार्थ्यांच्या खुनाचं प्रकरण बघा. २ जुलै २०२५ ला कबुली, २३ जुलैला पॅरोलशिवायच्या चार जन्मठेपा, एकामागून एक भोगायच्या. न्यायाधीशाचं काम सौदा मान्य करायचा की नाही एवढं उरलं. पण तेवढ्यासाठीही तो आरोपीला एकेक प्रश्न विचारतो, दडपण आहे का, औषधं चालू आहेत का, कुठले हक्क सोडतोयस ते कळतंय का, आणि गुन्ह्याला तथ्याचा आधार आहे का ते बघतो. यात ‘का केलंस’ विचारायची सक्ती नाही, आणि त्या प्रकरणात ते कधी बाहेर आलंच नाही. बळींच्या घरच्यांतही यावर एकमत नव्हतं. काहींना संपलं एकदाचं असं वाटलं, काहींना खटला हवा होता.

नवखा_वाचक

म्हणजे आपल्याकडे जन्मठेप झाली की १४ वर्षांनी बाहेर, आणि तिकडे मरेपर्यंत आत. मजाच आहे.

पेशकार

हे वाक्य प्रत्येक धाग्यात येतं. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. गोपाळ विनायक गोडसे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगून टाकलंय. १४ हा आकडा जुन्या ४३३-अ (आता ४७५) मधला: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल तर निदान १४ वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सरकारला माफीवर सोडता येत नाही. ती खालची मर्यादा आहे, सुटकेची तारीख नाही. चौदा झाली की फाइल हलते: तुरुंग अधीक्षकाचा अहवाल, पोलिसांचा, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत, मग गृह विभाग. महाराष्ट्रात गुन्ह्याच्या वर्गवारीप्रमाणे किती वर्षांनी सोडायचं त्याच्या मार्गदर्शक सूचना आहेत, आणि खून कसा, कशासाठी केला यावर तो आकडा चौदाच्या बराच वर जातो. कुठलं धोरण लावायचं? दोषी ठरला त्या दिवशी लागू असलेलं, नंतरचं जास्त फायद्याचं असेल तर नंतरचं. २०१० चा हरियाणा विरुद्ध जगदीश निकाल.

टाचणी

आता फाशीच्या प्रश्नाकडे. ३०२ मध्ये कबुलीला काही किंमत असलीच तर ती फक्त इथे, जन्मठेप की फाशी या फाट्यावर.

१९८० च्या बच्चन सिंग निकालाने ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ ही कसोटी दिली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यात शिक्षा सौम्य करणाऱ्या सात बाबींची यादी आहे हे कमी जणांना माहीत असतं. ती डॉ. चितळे या वकिलांनी सुचवली होती: तीव्र मानसिक क्षोभ, वय, पुन्हा गुन्हा न करण्याची शक्यता, सुधारण्याची शक्यता, आपण नैतिकदृष्ट्या बरोबर आहोत अशी आरोपीची समजूत, दुसऱ्याचं दडपण आणि मानसिक दोष. यात ‘गुन्हा कबूल केला’ असं नाही. म्हणजे कबुली मागच्या दाराने येते, पश्चात्ताप आणि सुधारणेची शक्यता यांचा पुरावा म्हणून. म्हणूनच कोरडी कबुली काही कामाची नाही. तिच्या मागे काहीतरी उभं करावं लागतं.

आणि तेच केलं जात नाही. दोषी ठरवल्यावर जुन्या २३५ (२) खाली (आता २५८) शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीला ऐकावं लागतं. प्रत्यक्षात काय दिसतं? निकाल दुपारी बाराला, शिक्षेवरचं ऐकणं जेवणाच्या सुट्टीनंतर, आणि नोंद अशी: ‘आरोपी गरीब आहे, घरी वृद्ध आई आहे, दया व्हावी.’ एका वाक्यात माणसाचा जीव. अल्लाउद्दीन मियाँ प्रकरणात १९८९ मध्येच सांगितलं होतं की शिक्षेसाठी पुढची तारीख द्यावी. मे २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालात तर यादीच आहे: सरकारनेच आरोपीचं मानसशास्त्रीय मूल्यमापन, बालपण, शिक्षण, कौटुंबिक आणि आर्थिक स्थिती, तुरुंगातल्या वर्तनाचा आणि कामाचा अहवाल न्यायालयापुढे ठेवायचा. बचावाच्या वकिलाने खटला चालू असतानाच हे गोळा करायला घ्यावं. दोषी ठरल्यावर शाळेचा दाखला शोधायला गाव गाठायचं म्हणजे उशीर झाला.

खालची_आळी

मग ‘मरेपर्यंत जन्मठेप’, ‘३० वर्षं सूट नाही’ असं बातम्यांत येतं ते कुठून? वर पेशकार म्हणाले मध्ये काही नाही.

पेशकार

सत्र न्यायालयाला नाही, असं म्हणालो. श्रद्धानंद प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी आणि साधी जन्मठेप यांच्या मधली वाट काढली: इतकी वर्षं माफीचा विचारच करायचा नाही. २०१५ च्या श्रीहरन निकालात घटनापीठाने ती कायम ठेवली, पण हा अधिकार फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाला. ३०२ खाली सत्र न्यायाधीशाने ‘मरेपर्यंत, माफी नाही’ लिहिलं तर अपिलात तेवढा भाग उडतो. नवीन संहितेत कलम १०४ हा अपवाद आहे: जन्मठेप भोगत असताना खून केला तर फाशी किंवा उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर कैद. तो पर्याय कायद्यातच लिहिलाय, त्यामुळे तिथे सत्र न्यायालयही देऊ शकतं.

कबुलीवरच्या फाशीबद्दल एक राहिलं. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, जुनं ३६६, आता ४०७. त्या वेळी उच्च न्यायालय फक्त निकालपत्र वाचत नाही, सगळा पुरावा स्वतः नव्याने तपासतं. निव्वळ कबुलीवर दोषी ठरवलं असेल तर तपासायला काय असेल? दोषारोपाची निशाणी, जबाबाची निशाणी आणि मध्ये रिकामी फाइल. कबुली असूनही पुरावा घ्यायची प्रथा का टिकलीय ते ही फाइल डोळ्यापुढे आणली की कळतं.

अर्धाकप

शेवटचा प्रश्न. कबूल करायचंच आहे, मन खातंय, अशा आरोपीला वकील काय सांगेल मग? गप्प बस म्हणेल?

टाचणी

साधारण असं. दोषारोपाला ‘कबूल नाही’ म्हणायचं, कारण तो खुनाचा आहे आणि खून आहे की नाही हे ठरायचंय. पण ज्यावर वाद नाही ते अडवायचं नाही. शवविच्छेदन अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, नकाशा हे जुन्या २९४ खाली (आता ३३०) मान्य करता येतं, मग ते सिद्ध करायला साक्षीदार बोलवायला लागत नाहीत. खटला बराच आटोपतो. डॉक्टरला उलट प्रश्न विचारायचे असतील तर मात्र अहवाल मान्य करू नये. जखम एकच होती, ती वेळेवर उपचार मिळते तर जीवघेणी होती का, हे तिथेच निघतं आणि ३०४ चा रस्ताही तिथूनच जातो. मग जुन्या ३१३ च्या (आता ३५१) जबाबात, सरकारी पुरावा संपल्यावर, आरोपीने काय घडलं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. तो जबाब शपथेवर नसतो, एकट्या त्याच्यावर दोषी ठरवता येत नाही, पण अपवादातला प्रक्षोभ किंवा आकस्मिक भांडण तिथून उभं राहू शकतं. लेखी निवेदनही देता येतं. आणि दोषी ठरलाच तर शिक्षेच्या सुनावणीत दाखवायला हे राहतं की याने पहिल्यापासून पुरावा अडवला नाही.

पेशकार

+१. फक्त ३१३ मध्ये ‘खोटं आहे, माहीत नाही’ चाळीस वेळा म्हणून एकेचाळिसाव्याला ‘रागाच्या भरात झालं’ असं नको. दोन्ही एकत्र टिकत नाहीत.